पॉलिमर क्लेच्या सदोष मालाबद्दल आणि पत्रकातील धोकादायक सूचनेबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मे महिन्यात पाठवलेली पॉलिमर क्ले निकामी निघाल्याबद्दल आणि सोबतच्या पत्रकात भाजण्याचे तापमान चुकीचे छापल्याबद्दल.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी पांढरी आणि अर्धपारदर्शक पॉलिमर क्ले (ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी, दागिने घडवायची माती) प्रत्येकी 1 किलो आणि रंगीत क्लेचे काही छोटे डबे मागवले होते. माल मे महिन्यात पोचला. बिल, फोटो आणि आपल्या ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. खराब मालाचे पैसे मला परत हवेतच. पण त्याहून तातडीची गोष्ट डब्यांबरोबर टाकलेल्या पत्रकाची आहे, म्हणून आधी ती लिहिते.

पत्रकात मराठीत छापले आहे : ‘वस्तू 275 अंशांवर 15 मिनिटे भाजा.’ कसले अंश, ते कुठेच नाही. ही क्ले साधारण 130 अंश सेल्सिअसला, दर 6 मिलिमीटर जाडीला अर्धा तास भाजतात. मी आजवर वापरलेल्या मूळ वेष्टनांवर तसेच असते. 275 हा आकडा फॅरनहाइटचा आहे, सेल्सिअसमध्ये तो 135 होतो. बाहेरचा मजकूर उचलून मराठीत आणताना कुणीतरी एकक गाळले आणि छापण्याआधी कुणीही तपासले नाही. आपल्याकडे घरोघरी असलेल्या ओटीजीवर, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनवर, सेल्सिअसचेच आकडे असतात आणि बटण बहुतेक 250 वर संपते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका ताईंनी यातला एक डबा घरी नेला, पत्रक वाचले आणि बटण शेवटपर्यंत फिरवले. क्लेची अबोलीची फुले आधी तपकिरी, मग काळी पडली आणि स्वयंपाकघर धुराने भरले. पॉलिमर क्ले म्हणजे मुळात पीव्हीसी प्लॅस्टिक. ती करपली की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. त्यांच्या सासूबाईंना दमा आहे. त्यांना लगेच अंगणात नेले, दारे-खिडक्या उघडल्या, म्हणून निभावले. मला फोन केला तेव्हा ताई रडत होत्या, आपल्याच हातून काहीतरी बिघडले म्हणून. त्यांच्या हातून काहीही बिघडले नव्हते. तुम्ही छापले तेच त्यांनी केले.

त्याच पत्रकाच्या मागच्या पानावर वेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, चढवायच्या क्लेच्या कव्हरांची चित्रे आहेत. उपकरणाभोवती क्ले लपेटायची, वर नक्षी करायची आणि सगळे ओव्हनमध्ये ठेवायचे, असा क्रम दाखवला आहे. आत लिथियमची बॅटरी असते, ती तापली तर पेट घेऊ शकते. बॅटरी काढा, किंवा त्याच मापाच्या काचेच्या नळीवर कव्हर घडवून नुसते कव्हर भाजा, असे एक वाक्यही त्यात नाही. शिवाय ई-सिगारेटच्या विक्रीवर आणि जाहिरातीवर आपल्या देशात 2019 च्या कायद्याने बंदी आहे. माझ्याकडे शाळकरी मुलीही शिकायला येतात. त्यांच्या हातात हे पान मी देणार नाही, आणि तुम्हीही कुणाच्या हातात देऊ नये.

आता क्लेबद्दल. मी डिचोली तालुक्यात राहते. कानातली, पेंडंट, पेनांची कव्हरे असे घरीच बनवते आणि विकते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी अबोलीच्या वळेसराची (गजऱ्याची) आणि माटोळीतल्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या आराशीतल्या, फळांची कानातली सगळ्यात जास्त खपतात. आंबाडा, चिबूड, सुपारीचा घोस, सगळे नखाएवढे. त्यासाठी क्ले मऊ आणि एकजीव लागते. तुमच्या क्लेच्या लादीचा कोपरा चिमटीत धरला तर भुगा होऊन खाली पडला. सुरीने मधून कापली तर बाहेरचा थर रबरासारखा आणि आतला ओलसर. क्ले लाटायच्या पास्ता मशीनमधून काढली की पट्टी फाटते आणि तिच्यात कडक कण दिसतात, साबुदाण्यासारखे. तळहातावर कितीही मळा, ते कण विरत नाहीत.

तरी त्यातल्या त्यात बरा भाग घेऊन मी एक जोडी करून पाहिली, कारण तक्रार करायची तर पुराव्याने करावी. भाजल्यावर वरून ठीक दिसली. दोष उघडा पडला तो घासताना. आम्ही पाण्याखाली 400 नंबरच्या वॉटर पेपरने (ओल्या घासण्याच्या पॉलिश पेपरने) सुरुवात करतो, मग 600, 800, 1000, आणि आरशासारखी चमक हवी असेल तर 2000 पर्यंत जातो. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरचे ओरखडे पुसायचे असतात, मधला एक गाळला तर शेवटी चमक आणायला बफ (मऊ कापडी चाक) फिरवल्यावर तो ओरखडा नेमका उजेडात येतो. या जोडीत 600 ला पोचेपर्यंत ते कडक कण जागेवरून निघून आले आणि पाकळीवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले. पुढचे पेपर फिरवून खड्ड्यांच्या कडा तेवढ्या चकचकीत झाल्या. खड्डे पॉलिशने झाकत नाहीत, उठून दिसतात. वरून नेलपॉलिशचा हात द्यावा तर त्यातले द्रावण क्लेला लागून पृष्ठभाग चिकट होतो. म्हणून तर मी वॉर्निश न लावता नुसते घासून आणि जीन्सच्या कापडावर चोळून चमक आणते. तो हाताचा वेळ हीच माझ्या मालाची किंमत आहे आणि तुमच्या क्लेने तो पाण्यात घालवला.

तुमच्या ग्राहक सेवेने पहिले उत्तर दिले की क्ले ‘कोरडी’ झाली आहे, सॉफ्टनर घालून मळा. हे उत्तर चुकीचे आहे. जुनी क्ले तिच्यातला प्लॅस्टिसायझर, म्हणजे तिला मऊ ठेवणारे द्रव्य, उडून किंवा कागदात शोषला जाऊन कडक होते, तेव्हा सॉफ्टनरने सुधारते. ही क्ले उष्णतेने अर्धी भाजली गेली आहे आणि भाजलेली क्ले कशानेही परत कच्ची होत नाही. गोदामात तापली की ऐन मे महिन्यात पत्र्याच्या टेम्पोत, ते शोधणे तुमचे काम. क्ले थंड जागी, उन्हापासून लांब ठेवा, असे हा माल बनवणारेच सांगतात.

रंगीत डब्यांची तऱ्हा वेगळी. मोठी लादी कापून तुम्ही तुकडे पारदर्शक, कडक प्लॅस्टिकच्या डब्यांत भरले आहेत. ते पॉलिस्टायरीन आहे, डब्याच्या तळाशी त्रिकोणात 6 आकडा आहे. क्लेतला प्लॅस्टिसायझर या प्लॅस्टिकला खातो. डब्यांचे तळ चिकट झाले आहेत आणि लाल रंगाचा तुकडा तर डब्याला चिकटूनच बसला आहे. 5 आकड्याच्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात किंवा साध्या पॉलिथिनच्या पिशवीत हे झाले नसते. आणि मूळ वेष्टन फेकून दिल्यामुळे डब्यावर ना उत्पादकाचे नाव, ना आयातदाराचे, ना महिना-वर्ष, ना कुठल्या देशातला माल ते. फक्त तुमचे फुलाफुलांचे स्टिकर. वेष्टनबंद मालावर ही माहिती देणे 2011 च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे.

दुसऱ्या उत्तरात सांगितले की परतीची सात दिवसांची मुदत संपली. माल मिळाला त्याच आठवड्यात मी फोटोंसह ई-मेल केला होता, तो सोबत आहे. मुदत तुमच्या उत्तराची वाट पाहण्यात संपली.

तिसरे उत्तर मला सगळ्यात लागले. मी वस्तू विकते, म्हणून मी ‘व्यावसायिक खरेदीदार’, सबब ग्राहक कायदा मला लागू नाही म्हणे. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 2(7) मधले स्पष्टीकरण कृपया वाचा. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेला माल व्यावसायिक हेतूचा धरला जात नाही. घरच्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने कानातली घडवणारी बाई ग्राहकच आहे.

माझ्या मागण्या अशा : क्लेची पूर्ण किंमत आणि कुरिअरचा खर्च परत करावा. खराब माल तुम्ही आपल्या खर्चाने उचलून न्यावा. आणि हे पत्रक ज्यांना-ज्यांना गेले त्या प्रत्येक ग्राहकाला ताबडतोब मेसेज करून कळवावे की 275 हा आकडा सेल्सिअसचा नाही. शेवटच्या मागणीसाठी माझ्या पैशांचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. सुट्टीत मुले या गोष्टी घरी एकटीने करून बघतात.

ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन. करपलेली फुले, खड्डे पडलेली जोडी आणि चिकट झालेले डबे मी जपून ठेवले आहेत, तुमच्या माणसाने कधीही येऊन पाहावेत.

आपली,
एक ग्राहक
डिचोली, गोवा

सोबत : बिलाची प्रत, मालाचे व पत्रकाचे फोटो, ई-मेलच्या प्रती