रोगप्रतिकारशक्तीला आवरही लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत हृदयविकारावर लेख आला की चित्र ठरलेलं असतं, चरबीने चोंदलेला नळ. आणि त्याच पुरवणीत 'इम्युनिटी वाढवा' म्हणणारी काढ्याची जाहिरात. गेल्या वर्षी माझ्या यजमानांची अँजिओप्लास्टी झाली. घरी आल्या आल्या सासूबाईंनी विचारलं, "झाला ना नळ साफ? मग आता गोळ्या कशाला?" दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू मायेने काढ्याची बाटली ठेवून गेल्या. दोघींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे वाचलं तेच त्या बोलल्या.

रक्तवाहिनी ही जिवंत पेशींची भिंत आहे. वाईट कोलेस्टेरॉल तिच्या अस्तराखाली शिरलं की ते उचलायला प्रतिकारशक्तीच्या भक्षक पेशी धावतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच अडकतात. मग 'इंटरल्युकिन-१ बीटा'सारखे संदेश सोडून आणखी कुमक बोलावतात. भिंतीच्या आत दाह सुरू होतो, आणि तो वर्षानुवर्षं कळतही नाही. याला आवर घालणारे संदेशही शरीराकडे असतात. नियामक टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या पांढऱ्या पेशी, 'इंटरल्युकिन-१०' आणि 'टीजीएफ-बीटा' सोडतात. त्यांनी भक्षक पेशी शांत होतात, मेलेल्या पेशींचा निचरा होतो, चरबीच्या साठ्यावर कोलॅजन या चिवट प्रथिनाचं घट्ट आवरण धरतं. ते आवरण पातळ होऊन फुटलं की वर गुठळी होते आणि झटका येतो. अनेकदा त्या साठ्याने वाहिनी निम्मीही अडवलेली नसते! नळाच्या चित्रात हे कुठे दिसणार?

उंदरांतला इंटरल्युकिन-१० काढून टाकला तर धमन्यांतले साठे वाढतात, हे १९९९ मध्येच दिसलं होतं. या नियामक पेशींवरच्या कामासाठी २०२५ चं वैद्यकातलं नोबेल ब्रन्को, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं. माणसांतला मोठा पुरावा २०१७ च्या 'कँटोस' चाचणीचा. एकदा झटका येऊन गेलेले दहा हजारांवर रुग्ण त्यात होते. कोलेस्टेरॉलला हात न लावता औषधाने फक्त इंटरल्युकिन-१ बीटा अडवल्यावर, त्या औषधाच्या १५० मिलिग्रॅम मात्रेच्या गटात झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे एकत्रित १५ टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले. म्हणजे प्रतिकारशक्ती सरसकट वाढवणंही नको नि दाबणंही नको. आणि कोलेस्टेरॉल व दाह दोन्ही कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या अँजिओप्लास्टीनंतरही का घ्यायच्या, तेही यातून कळतं: स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, एका जागी बसतो, दाह सगळ्या धमन्यांत असू शकतो.

आणखी एक, कोकणातल्या वाचकांसाठी. गाउट या सांधेदुखीवरचं जुनं औषध कोल्चिसिन याच दाहासाठी अगदी कमी मात्रेत तपासलं गेलं. २०२० च्या एका चाचणीत जुन्या हृदयरुग्णांना चांगला फायदा दिसला, २०२४ च्या मोठ्या चाचणीत झटक्यानंतर लगेच दिलं तर दिसला नाही. हेच द्रव्य आपल्या कुंपणावर पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीत असतं. गेल्या श्रावणात एक ओळखीचे गृहस्थ आमच्या गडग्याशी थांबून, "हृदयाला चांगली म्हणतात ना ही?" असं विचारत होते. तिचा कंद पोटात गेला तर माणूस दगावतो. पुढच्या लेखात नळाऐवजी भिंतीचं चित्र छापा, आणि शेजारी कळलावीचा फोटो देऊन ही सूचना ठळक अक्षरांत द्या, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, चिपळूण