आठ प्लगची गोष्ट पुरवणीत का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या काळातल्या लांब पल्ल्याच्या विमान उड्डाणांवर पानभर लेख आला होता तो वाचला, दोनदा वाचला कारण रविवारी दुपारी गॅरेजवर गिऱ्हाईक नसतं. लिंडबर्ग छान रंगवलाय. १९२७ साली न्यूयॉर्क ते पॅरिस साडेतेहतीस तास एकटा, पेट्रोलची टाकी पुढे बसवल्यामुळे समोरची काचच नाही, पुढचं बघायचं तर पेरिस्कोपमधून नाहीतर विमान तिरकं करून बाजूच्या खिडकीतून. अटलांटिक एकटीने ओलांडणारी अमेलिया इअरहार्ट पण आहे. आणि मग एकदम शेवटच्या चौकटीत भारत आला तो शिवकर तळपदे आणि त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर १८९५ मध्ये विमान उडवल्याची गोष्ट, संपलं!

तळपद्यांबद्दल मला राग नाही, पण त्या १८९५ च्या उड्डाणाचा धड पुरावा अजून कोणी समोर ठेवलेला नाही, आणि ज्या संस्कृत पोथीचा दाखला लोक देतात त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असं बंगळुरूच्या आयआयएससीच्या (भारतीय विज्ञान संस्थेच्या) मंडळींनी १९७४ मध्येच तपासून लिहून ठेवलंय. माझं म्हणणं एवढंच की ज्या गोष्टी खरंच घडल्या, तारीखवार नोंदलेल्या आहेत, त्या सोडून आपण याच्याच मागे का लागतो?

आता १९३० चंच बघा. इस्माइली पंथाचे धर्मगुरू आगाखान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं, जो पहिला भारतीय माणूस एकट्याने इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड महिन्याच्या आत उडून दाखवेल त्याला. तिघं उतरले. मनमोहन सिंग (पुढे पंतप्रधान झाले ते नव्हेत), अस्पी इंजिनियर आणि आपले जेआरडी टाटा. तिघांकडे जिप्सी मॉथच, म्हणजे लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं, वरून उघडं, दोन पंखांच्या जोड्यांचं विमान, ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर जाणारं, रेडिओ बिडिओ काही नाही, नकाशा मांडीवर आणि खाली दिसणारी नदी नाहीतर रेल्वेलाईन धरून चालायचं.

मनमोहन सिंगांनी विमानाला नाव दिलं मिस इंडिया. त्यांचं दोन-तीनदा काही ना काही बिनसलं तेव्हा लंडनच्या एका विमान साप्ताहिकाच्या संपादकाने टोमणा मारला की यांनी नाव मिस इंडिया ठेवलंय आणि इंडिया मिस होण्याचीच लक्षणं दिसतायत. शेवटी बिचारे पोहोचले, पण महिना उलटून गेला होता म्हणून बक्षीस हुकलं. हाच माणूस पुढे दुसऱ्या महायुद्धात १९४२ ला ऑस्ट्रेलियात ब्रूम बंदरावर जपानी हल्ला झाला त्यात गेला. टोमणा मात्र अजून शिल्लक आहे.

अस्पी तेव्हा १७ वर्षांचा. सतरा! माझ्याकडे कामाला पोरगा आहे तो अठराचा आहे, त्याला एकट्याला गाडी घेऊन पुण्याला पाठवायचं म्हटलं तर त्याची आई फोन करते. तर अस्पी इंग्लंडहून निघाला, जेआरडी (वय २५) कराचीहून उलट्या दिशेने, आणि इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. जेआरडी उतरले तर अस्पी तिथे अडकून बसलेला, इंजिनाचे प्लग गेलेले, नवीन मिळेनात. जेआरडींनी आपल्याजवळचे स्पेअर प्लग काढून त्याला दिले.

आता मी पंचवटीत बावीस वर्षं टू-व्हीलरचं गॅरेज चालवतोय, त्यामुळे हे वाचून मी थांबलोच. ज्याने घाटात बंद गाडी ढकललेली नाही त्याला हे नुसतं गोड वाटेल. जिप्सीच्या इंजिनाला चार सिलेंडर, प्रत्येकाला दोन दोन, म्हणजे आठ प्लग, प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारे मॅग्नेटोही दोन, एकाने दगा दिला तर दुसऱ्यावर इंजिन चालू राहावं म्हणून. म्हणजे बनवणाऱ्यांनाच माहीत होतं की हे दगा देणार. प्लगवर काजळी धरते, तेल चढतं, स्पार्क मरतो, आणि रस्त्यावर गाडी बाजूला लावता येते, समुद्रावर नाही. जेआरडींना अजून अख्खा भूमध्य समुद्राकडचा रस्ता जायचा होता आणि समोरचा तर स्पर्धकच. मी स्वतः एकदा पावसात कसारा घाटात प्लग जाऊन उभा होतो, मागून एक बुलेटवाला आला, डिकीत नवा प्लग दिसत होता, तरी म्हणाला मलाच पुढे लागला तर? गेला निघून. चूक नव्हतीच त्याची खरं तर.

अस्पी कराचीला पोहोचला आणि थोडक्या फरकाने बक्षीस त्याचं झालं. पुढे तोच १९६० ला हवाई दलाचा प्रमुख झाला. आपल्या ओझरला मिग लढाऊ विमानांचा कारखाना आला तो साधारण त्याच काळात, १९६४ ला. रोज सुखोई डोक्यावरून जातं, गॅरेजमधलं बोलणं मिनिटभर थांबतं, पण अस्पी इंजिनियर कोण हे मी दहा जणांना विचारलं, एकालाही सांगता आलं नाही. इंजिनियर हे आडनाव आहे इथूनच सुरुवात करावी लागली.

आणि गंमत म्हणजे अस्पी कराचीला पोहोचला त्याच आठवड्यात एमी जॉन्सन ही इंग्लिश बाईसुद्धा तसल्याच मॉथमध्ये सहा दिवसांत कराचीला येऊन थडकली होती, तिथून पेट्रोल संपत आलं म्हणून झाशीला लष्कराच्या परेड ग्राउंडवर उतरली, आणि एकोणीस दिवसांत ऑस्ट्रेलिया गाठलं. ती ५ मे ला निघाली त्याच दिवशी इकडे गांधीजींना अटक झाली, आणि नाशकात तर २ मार्चपासून काळारामाचा सत्याग्रह सुरू होता. तेव्हा लोकांचं वर आकाशाकडे लक्ष नसेल तर समजू शकतं. पण आता?

तर विनंती अशी की पुढच्या एखाद्या रविवारी या तिघांवर पान करा. आणि नाशकातल्या कोणाच्या आजोबांनी मे १९३० च्या मराठी पेपरातली कात्रणं जपली असतील तर ती तुमच्याकडे पाठवावीत असं आवाहनही छापा, मला बघायचंय तेव्हा आपल्याकडे काय छापून आलं होतं.

पत्र लांबलंय, माहितीये. कापलंत तरी चालेल, फक्त प्लगचा भाग कापू नका.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक
पंचवटी, नाशिक