दाजूंच्या मुलाला काय सांगू?

मुलुंड, मुंबई
नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. सिक्कीममधल्या गोएचा ला खिंडीचा ट्रेक करून आलो. तब्येत उत्तम, पायाचं एक नख तेवढं काळं पडलंय. फोटो पक्या पाठवेलच. मला तुझ्याशी वेगळंच बोलायचंय. घरी विषय काढला, तर ‘दे की नोकरी लावून’ म्हणून सगळे मोकळे झाले.

युकसोम गावापासून, जिथून ट्रेक सुरू होतो, आमच्यासोबत वाटाडे दाजू (नेपाळीत थोरला भाऊ) होते आणि त्यांचा मुलगा. विशीचाही नसेल. झो (याक आणि गाईचं संकरित, ओझी वाहणारं जनावर) हाकायचा, तंबू लावायचा, बोलायचा मोजकंच. लामुनेच्या वरच्या मुक्कामाहून अंधारात निघालो तेव्हा तो सगळ्यात मागे होता. पक्याची बडबड चालू होती, म्हणजे आम्हाला सगळं ठीकच वाटलं! पण हा मुलगा त्याचे पाय बघत होता. त्याने पक्याला थांबवलं आणि हेडटॉर्चच्या उजेडात टाचेला बोटं टेकवत सरळ रेषेत चालायला लावलं. दुसऱ्याच पावलाला पक्या कलंडला. चार हजार मीटरच्या वर हवेचा दाब आपल्या मुंबईच्या जेमतेम साठ टक्के उरतो. मेंदूला सूज चढू लागली की तोल जातो, आणि तेव्हा आधी खाली उतरायचं, बाकी सगळं नंतर. पक्या भांडला, वर्षभराची रजा साठवून आलोय म्हणाला. मुलाने वाद घातलाच नाही. पक्याची सॅक स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि त्याचा हात धरून उतरायला लागला. खालच्या कोकचुरांगच्या मुक्कामाला पोचेस्तोवर पक्या माणसात आला होता, जेवण मागत होता.

(मला कोकणकड्याच्या धुक्यात तू असाच मागे फिरवला होतास. वाट सापडली असती, हे माझं मत अजून कायम आहे.)

आम्ही बाकीचे दाजूंबरोबर वर गेलो. समोर कांचनजंगा, ८५८६ मीटर, उन्हाने पेटलेला. दाजूंनी टोपी काढून हात जोडले. १९५५ साली तो पहिल्यांदा सर झाला, तेव्हा ब्रिटिश गिर्यारोहक माथ्याच्या काही फूट खालीच थांबले होते. सिक्कीमच्या राजाला तसा शब्द दिला होता म्हणून. आता सिक्कीमच्या बाजूने चढाईच बंद आहे. दाजू हे सगळं घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल सांगावं तसं सांगत होते. मग म्हणाले, पोराला दार्जिलिंगच्या संस्थेत बेसिक कोर्सला घालायचंय, तेनसिंग जिथे शिकवायचे तिथे.

आणि त्याच संध्याकाळी स्वयंपाकाच्या तंबूत पोरगा मला हळूच विचारतो, “भैया, बम्बई में काम मिलेगा? कुछ भी चलेगा.”

आता बोल.

काम मिळेल रे. ठाण्याच्या भावाला हॉटेलात मुलं हवीच आहेत. आणि पोराचंही खोटं नाही. ट्रेकचे हंगाम दोनच, वसंतात आणि पावसानंतर. मधल्या काळात हाताला काम नाही. बापाचे गुडघे गेलेत ते तो रोज बघतो. पण पक्याचा पाय अंधारात ओळखणारा हा पोरगा भट्टीपाशी उभा राहून नूडल्स परतणार, हे डोळ्यांसमोर आलं की घशाखाली घास उतरत नाही. त्याचा रागही येतो. मग वाटतं, माझा काय अधिकार? मी वर्षातून एकदा बर्फ बघायला जाणारा माणूस.

अण्णांनी तुझा उत्तरकाशीच्या गिर्यारोहण कोर्सचा फॉर्म फाडला, त्या रात्री तू कसारा लोकलच्या दारात बसून ठाण्यापर्यंत एक शब्द बोलला नव्हतास. बँकेत लागलास, संसार छान केलास, पण ती रात्र मी विसरलेलो नाही. तुला जे मिळालं नाही ते याचा बाप स्वतःहून देतोय आणि याला ते नकोय. म्हणून तुलाच विचारतोय. दाजूंना न सांगता त्याला भावाचा नंबर देऊ? की आधी दाजूंशी बोलू? आणि बोललो, तर पोराचा माझ्यावरचा विश्वास जाईल त्याचं काय? कोर्स करून हिवाळ्यापुरता इकडे ये, असं सुचवावं असंही मनात येतं. पण एकदा महिन्याचा पगार हातात पडल्यावर परत कोण जातं?

तुझी बदली टळली का? चिमीची दहावी ना यंदा, तिला उगाच रागावू नकोस. वहिनींना नमस्कार. अण्णांचं मोतीबिंदूचं झालं का तेही कळव.

शनिवारी रात्री नक्की फोन कर. रविवारी युकसोमला उत्तर द्यायचं कबूल केलंय.

तुझा,
सुऱ्या