टॅगवालं पिल्लू आणि बिनटॅगचं पिल्लू

मा. संपादक, नमस्कार.

माशांना ट्रॅकर लावून सोडतात ती तुमची बातमी आवडली, पण टॅग लावल्यावर मासा पोहतो कसा, ते त्यात कुठेच नव्हतं. मोठ्या माशाचं ठीक आहे हो, पिल्लांचं काय?

मी पोर्टलंडला राहतो. इथे स्नेक नदीतून कोलंबिया नदीत आणि मग समुद्रात जाणाऱ्या चिनूक सॅमनच्या कितीतरी पिल्लांना आठ धरणं पार करावी लागतात. टर्बाइनमधून किती जिवंत निघतात ते कळावं म्हणून त्यांना अकूस्टिक, म्हणजे आवाजाचे सिग्नल सोडणारे टॅग लावतात. आधी पोट चिरून आत बसवायचे. पण टॅगच्या वजनाने बुडू नये म्हणून पिल्लू पोटातल्या पिशवीत जास्त हवा भरून घेतं, आणि टर्बाइनमध्ये पाण्याचा दाब एकदम पडला की तीच हवा फुगून आतले अवयव फाटतात, मग ते धरणाने मेलं का टॅगने मेलं, सांगणार कोण?

म्हणून पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरी या इथल्या सरकारी प्रयोगशाळेने बाहेरून, पाठीवरच्या पराजवळ टाक्याने अडकवायचा टॅग बनवला, पाण्यात त्याचं वजन जवळपास शून्य. ऐकायला झकास! पण वजन गेलं तरी बाहेर लटकणाऱ्या टॅगला पाण्याचा होणारा अडथळा जात नाही ना, बटणं न लावलेला रेनकोट घालून स्कूटर चालवून बघा.

याची टेस्टही झाली. पिल्लाला वाहत्या पाण्याच्या नळीत सोडायचं, वेग थोडा थोडा वाढवत न्यायचा, दमून ते मागच्या जाळीला टेकलं की थांबायचं. बाहेरून टॅग लावलेली पिल्लं बिनटॅगच्यांपेक्षा आधी दमली, पण पोटात टॅग असलेल्यांच्या बरोबरीनेच. शिकारी माशापासून निसटण्यात मात्र बाहेरून टॅगवाली आणि बिनटॅगची यांच्यात फरक दिसला नाही म्हणे. आता टाकीतला शिकारी आणि नदीमुखावर टपलेले पक्षी एकच का, मला तरी पटत नाही.

टॅग माशाच्या वजनाच्या 2 टक्क्यांपेक्षा जड नको असा एक जुना नियम सांगतात, म्हणजे 10 ग्रॅमच्या पिल्लाला 0.2 ग्रॅम. पण हा हिशोब वजनाचा, बाहेर लटकणाऱ्या टॅगच्या आकाराचं त्यात काहीच येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तर मासा केवढा, टॅग केवढा, आणि बिनटॅगचे मासे सोबत तपासले का, एवढं तरी विचारून छापा.

– एक वाचक, पोर्टलंड (अमेरिका)