सेकंड हॅन्ड आहे, पण बघून घेतलीय

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर बाबांचा आवाज चढला की माझाही चढतो, मग आई मध्ये पडते आणि मूळ विषय राहूनच जातो, म्हणून म्हटलं सरळ लिहूनच पाठवावं. गाडी घेतली. २०१७ ची मारुती सियाझ, पेट्रोल, मॅन्युअल, चंदेरी (आई, लाल नाही मिळाली, पण चंदेरीवर चिखल कमी दिसतो आणि आपल्याकडे चार महिने चिखलच असतो). नुसतं टोकन नाही, पूर्ण व्यवहार झाला, ट्रान्सफरचे कागद आरटीओत गेलेत. त्यामुळे "अजून जरा विचार कर" हे आता नको, आता फक्त ऐका.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे, जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी पैसे मोजून घरात आणायची. आणि दादा तिकडे कॅनडात बसून सांगतोय की घेतेसच तर ऑटोमॅटिक घे, आता कोण क्लच दाबत बसतं. अरे पण आठ-नऊ वर्षं जुनी ऑटोमॅटिक, तिचा गिअरबॉक्स बसला तर चिपळूणात हात कोण लावणार? मॅन्युअलची क्लचप्लेट खेर्डीतला कुठलाही गॅरेजवाला दिवसभरात उतरवून चढवून देतो. आणि बाबांनी पोफळीला असताना ती जीप चालवलीय, त्यांना एक पाय रिकामा ठेवून चालवायला सांगितलं तर ते ब्रेकच क्लच समजून दाबतील. नवी गाडी घ्यायची तर ह्या पैशात छोटी हॅचबॅकसुद्धा आली नसती. पाच लाखांच्या आत पाच माणसांची ऐसपैस गाडी मिळाली, नवीची किंमत पहिल्या काही वर्षांत जी धाडकन पडते ती आधीच्या मालकाने सोसली, मी का सोसू?

सियाझच का, तर मागची सीट. आईचे गुडघे पुढच्या सीटला लागत नाहीत, पाय लांब करून बसता येतं. डिकी ५१० लिटरची आहे, म्हणजे आंब्याच्या पेट्या, तांदळाचं पोतं आणि वर आईची ती निळी बॅग असं सगळं एकदम मावेल. कंपनीने २०२५ मध्ये मॉडेल बंद केलं हे दादाने आधीच ऐकवलं असेल, पण हेच १.४ लिटरचं इंजिन जुन्या अर्टिगात होतं आणि अर्टिगा आपल्याकडे प्रत्येक वाडीत एक आहे, स्पेअर पार्टची मला तरी काळजी वाटत नाही. डिझेल मुद्दाम घेतली नाही, तुमचं रनिंग तेवढं नाही.

आता बाबांचा पहिला प्रश्न, पुरातली तर नाही ना. बरोबर प्रश्न आहे. २२ जुलै २०२१ ला आपल्याकडे जे झालं त्यानंतर गाड्यांचं काय होतं ते आपण बघितलंय, इन्शुरन्सवाले टोटल लॉस करतात (म्हणजे दुरुस्त करण्यापलीकडची ठरवतात), गाडी लिलावात जाते, कोणीतरी धुऊनपुसून, नवीन सीट कव्हर घालून दुसऱ्या जिल्ह्यात विकतो. त्यामुळे मी कुठल्याही गाडीत बसले की आधी सीटबेल्ट ओढायचे, पूर्ण, अगदी शेवटपर्यंत. बेल्टचा शेवटचा वीतभर भाग कायम गुंडाळलेला असतो, तो धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही आणि गाळाची पिवळट रेघ तिथेच सापडते. मग डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघायचा, सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघायचे, कार्पेटच्या खाली हात घालायचा. वासावर जाऊ नये, परफ्यूम सगळेच मारतात, उलट जास्त वास आला की मला जास्त संशय येतो. ह्या गाडीचे पाचही बेल्ट स्वच्छ निघाले, स्टेपनीखाली नुसती धूळ.

ह्याच्या आधी एक बघितलेली, एका एजंटकडे, ती नजरेत भरेल अशी चकचकीत. मीटरवर अडतीस हजार. पण क्लचच्या पॅडलवरचं रबर घासून सपाट, एका कोपऱ्यात खालचं लोखंड दिसतंय, आणि गिअरच्या दांड्याच्या डोक्यावरचे आकडे पुसट. अडतीस हजारात रबर असं होत नाही हो. सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन रेकॉर्ड काढलं तर दोन वर्षांपूर्वीच तिथे चौऱ्याऐंशी हजारांची नोंद. एजंटला सांगितलं तर म्हणाला मॅडम मीटर बदललं असेल. बदललं असेलच की! मीटर मागे फिरवता येतो, झिजलेलं रबर मागे फिरवता येत नाही, म्हणून हल्ली मी किलोमीटर शेवटी बघते.

आपली गाडी चिंचवडच्या एका कुटुंबाची, सिंगल ओनर, एकाहत्तर हजार झालेत आणि तसं ते स्पष्ट दिसतं, लपवाछपवी नाही. पहिली काही वर्षं कंपनीत सर्व्हिस, नंतर बाहेर, पण बिलं सगळी फायलीत लावलेली. त्यांना आधीच सांगून ठेवलेलं की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिला हात बॉनेटवर, थंडगार होतं. कोल्ड स्टार्टला आवाज नाही, सायलेन्सरमधून निळा धूर नाही (निळा आला तर इंजिन ऑइल खातंय), ऑइलचं झाकण उघडून आतून बघितलं, दुधाळ साय नाही म्हणजे कूलंट ऑइलमध्ये जात नाहीये. माझ्याबरोबर आमचा गॅरेजवाला होता, त्याने दाराचे रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके बघितले, काचांवरची वर्षं जुळवली, म्हणजे अपघातात काही बदललंय का ते कळतं. डावीकडचं मागचं दार रंगवलेलं आहे, मालकांनी विचारायच्या आधीच सांगितलं. तेवढं चालतं.

क्लच बघायची पद्धत बाबांना आवडेल म्हणून सविस्तर सांगते. सपाट रस्त्यावर हँडब्रेक घट्ट ओढायचा, तिसरा टाकायचा आणि थोडा रेस देत हळूहळू क्लच सोडायचा. इंजिन लगेच आचका देऊन बंद पडलं तर प्लेट धरतेय, नुसतं घुमत राहिलं तर प्लेट गेली. उगाच परत परत नाही करायचं, एकदाच. आपली बंद पडली, पण आरामात पडली, आणि पॅडल बरंच वर आल्यावर गाडी उचलत होती, म्हणजे प्लेट शेवटच्या टप्प्यात. क्लच दाबल्यावर बारीक घरघर, तो रिलीज बेअरिंगचा आवाज. गिअर मात्र लोण्यासारखे पडतात, तिसऱ्यावरून दुसऱ्यात येताना दात घासत नाहीत, तो आवाज आला असता तर मी तिथूनच घरी गेले असते कारण गिअरबॉक्स उघडणं म्हणजे खर्चाला अंत नाही. टायरवरचा चार आकडी कोड ३४१७, म्हणजे २०१७ च्या चौतिसाव्या आठवड्यातले, गाडीबरोबर आलेलेच. नक्षी शिल्लक होती, पण एवढी वर्षं झालेलं रबर कडक होतं, पावसात धरत नाही. क्लच आणि टायर ह्या दोन गोष्टींवर मी भाव पाडला. आई, तू मंडईत भाजीवाल्याशी जशी बोलतेस तशीच बोलले, शेवटी त्यांच्या बायकोनेच "द्या हो" म्हटलं.

कागदांचं थोडक्यात. लोन फिटलेलं होतं पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत मी पैसे दिले नाहीत. मग गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. ई-चलन ऑनलाइन तपासली, दोन निघाली, त्यांनी भरली. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावलेली आहे. इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत नावावर करून घ्यावा लागतो, नाहीतर उद्या आपल्याच गाडीचं नुकसान झालं तर कंपनी हात वर करते, ते केलं. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) मात्र त्यांचा त्यांच्याकडे गेला, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्ता थोडा जास्त बसला.

वाचलेल्या पैशातले पन्नास हजार मी आधीच बाजूला काढून ठेवलेले आणि ते जवळपास सगळे लागले. चार टायर, क्लचचा पूर्ण सेट (प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलायचं, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तीच असते), बॅटरी, आणि इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट सगळं ताजं. कोणाची जुनी गाडी घेतली की आधीचं तेल किती जुनं आहे ह्यावर विश्वास ठेवायचाच नाही, बदलून मोकळं व्हायचं. इंजिनात टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, त्यामुळे तो बदलत बसायची डोकेदुखी नाही.

आता गाडी तुमच्याकडे राहणार. हो, तुमच्याकडे. मला इथे मेट्रो आणि ऑफिसची बस पुरते. रिक्षावाल्याची वाट बघत डॉक्टरकडे जायचं बंद करा.

बाबा, तुमची सवय मला माहितीये, वस्तू चांगली असली की तिला कव्हर घालून ठेवायची. तो मिक्सर अजून खोक्यात आहे. गाडीचं असं करू नका, उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो, आणि आपल्या हवेत तर महिन्याभरात आत बुरशीचा वास. आठवड्यातून एकदा गुहागर किंवा निदान खेर्डीपर्यंत फेरी, इंजिन पूर्ण गरम होईल एवढी. अंगणात नुसती चालू करून दहा मिनिटं ठेवण्याचा उपयोग नाही. फणसाखाली लावू नका, पानं काचेखालच्या जाळीत अडकतात, पाण्याची भोकं बुजतात आणि पावसाचं पाणी आत पायाशी येतं. उंदरांसाठी बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवतात ती ठेवा, पण बॉनेट अधूनमधून उघडून बघा, वायरी कुरतडल्या तर खर्च मोठा आणि शोधायला आणखी मोठा. ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, तुमचं वर्षच आधी होणार. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, ॲव्हरेज थोडं कमी दिसेल, लगेच पंपवाल्याशी भांडू नका. पेट्रोलचे रबरी पाइप मी तपासून घेतलेत, दर सर्व्हिसला बघायला सांगा.

क्लचवर पाय ठेवून चालवायचं नाही. तुम्ही नाही म्हणाल, पण तुम्ही ठेवता, आईला विचारा. डाव्या बाजूला पाय टेकवायला जागा आहे, तिथे ठेवायचा. कुंभार्ली घाटात ट्रकच्या मागे अडकलात की हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक ओढा, नवीन प्लेट आहे. उतरताना न्यूट्रल नाही, ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे मला तुम्हीच शिकवलंत.

आणि आई, तुझं लायसन्स शोध. कपाटात वरच्या खणात एलआयसीच्या फायलीत होतं. संपून वर्ष झालं नसेल तर टेस्ट न देता रिन्यू होतं, वर्ष उलटलं असेल तर परत टेस्ट द्यावी लागते. डॉक्टरचा फॉर्म १ए लागेल, दोघांचाही एकदमच करून घ्या. तू चांगली चालवायचीस, बाबा शेजारी बसून ओरडायचे म्हणून तू सोडलंस हे मला पक्कं आठवतंय. ह्या वेळी बाबा मागे बसतील, मागे जागा भरपूर आहे.

गणपतीच्या आधीच्या शनिवारी निघते, ताम्हिणीवरून येईन, कशेडीचा बोगदा आहे म्हणजे पुढे त्रास नाही. गेटच्या आतला वाळूचा ढीग तेवढा हलवून घ्या, गाडी जवळपास पंधरा फूट लांब आहे, ढीग राहिला तर गेट लागणार नाही.

तुमची,
बबी

ता. क. बाबा, आरसीचा आणि इन्शुरन्सचा फोटो आईच्या व्हॉट्सॲपवर टाकलाय. चॅसी नंबर मी स्वतः जुळवलाय, तरी तुम्ही परत जुळवणार हे माहितीये, म्हणून तोही फोटो टाकलाय.