पार्कचा बोर्ड अजून का लागला नाही

पिट्सबर्ग,
रविवार सकाळ

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

अथर्वचा प्रश्न मिळाला: "आत्या, एक बोर्ड लावायला दोन वर्षं?" त्याच्याखाली तू जोडलंयस की नऱ्ह्याच्या शेडमधून असला बोर्ड तू तीन आठवड्यांत उभा करून देशील. देशीलच. बनवायला इथेही सहा-आठ आठवडेच लागतात. वेळ खातोय तो जुना खांब. रोलर कोस्टरच्या या करमणूक-पार्कचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून सुनावणीत आहे आणि अथर्व ते लगेच त्याच्या रोलर कोस्टरवाल्या मित्रांना पाठवेल.

हायवेच्या वळणावरचा जुना बोर्ड ४५ फूट उंच आहे. नावाची अक्षरं सुटी, पत्र्याची, आणि कडेनं धावत्या दिव्यांची माळ. गावचा आजचा नियम सांगतो की नवा बोर्ड २० फुटांच्या वर नको, एका बाजूला १०० चौरस फुटांपेक्षा मोठा नको, आणि पळते-लुकलुकते दिवे तर नकोतच. जुना चालतो, कारण तो नियमाच्या आधीपासून उभा आहे. त्याला रंग द्या, दिवे बदला, पत्रा बदला, कुणी काही म्हणत नाही. खांब कापलात की हक्क संपला. मग नव्याला २० फूटच. आपल्या पेठेतल्या वाड्यासारखं समज. भिंत दुरुस्त करता येते, पण पाडून बांधायला गेलं की रस्तारुंदीत पुढचे दहा फूट जातात. म्हणून इथे आधी जुन्यातलं काय ठेवायचं ते ठरतं, नवं काय लावायचं ते नंतर.

पार्कप्रेमींना ही गोष्ट पटत नाही. त्यांना जुना बोर्ड हवा, वर मोठी एलईडी स्क्रीन हवी, आणि तीही जुन्याच खांबावर. तू फॅब्रिकेशनवाला, तुला वारा सांगावा लागणार नाही. पण आकडे बघ. वाऱ्याचा दाब दर चौरस फुटाला किती पौंड, याचं ढोबळ सूत्र ०.००२५६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग ताशी मैलांत. इथे हिशेबाला ११५ मैल धरतात, म्हणजे आपले १८५ किलोमीटर. उत्तर येतं ३४ पौंड. ६ फूट बाय १२ फुटांची स्क्रीन म्हणजे ७२ चौरस फूट, म्हणजे २,४४८ पौंड. टनाहून जास्त ढकल, तीही उंचीचे आणि आकाराचे गुणक लावायच्या आधी. ही पेटी १२ फुटांवर बसवली तर खांबाच्या तळाशी वाकवणारा जो जोर (बेंडिंग) येतो, त्याच्या अडीच पट ३० फुटांवर येतो. जुन्या सुट्या अक्षरांमधून वारा आरपार जातो. तो खांब तेवढ्याच हिशेबानं घातलेला आहे. त्याच्यावर बंद पेटी टांगणं म्हणजे गलबताच्या डोलकाठीला पलंग बांधण्यासारखं.

खांब गंजतो कुठे, हे तुला माहीत आहे: जमिनीच्या रेषेवर. वरून पाणी ओघळतं, तळाशी गवत आणि माती ओल धरून ठेवतात. इथे भर म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचं पाणी उडतं. बाहेरून रंग चकचकीत आणि आत पाइपची भिंत निम्मी, असं सर्रास सापडतं. म्हणून आधी तळाभोवतीची माती फूटभर उकरायची, रंग खरवडायचा, आणि अल्ट्रासोनिक गेजनं चारही दिशांना जाडी मोजायची, जमिनीच्या वर सहा इंच आणि खाली सहा इंच. बेस प्लेटच्या, म्हणजे खांबाच्या बुडाच्या पोलादी पाटीच्या, वेल्डवर डाय पेनेट्रंट मारून तडे बघायचे. जाडी कमी भरली तर बाहेरून दोन अर्धगोल स्लीव्ह बसवून वेल्ड करतात. ही दुरुस्ती धरली जाते, नवा खांब नाही. पण कागदावर 'दुरुस्ती' हा शब्द आणि किती टक्के भाग बदलला याचा हिशेब आधीच लागतो. अनेक गावांत निम्म्याच्या वर बदल झाला की बोर्ड नवा ठरतो.

आता दिवे, अथर्वचा आवडता विषय. अशा बोर्डांवर ११ वॉटचे छोटे गोळे असतात, एस-१४ मापाचे. ४०० गोळे धरले तर ४,४०० वॉट. इथल्या १२० व्होल्टला जवळजवळ ३७ अँपिअर. त्याच मापाचे एलईडी गोळे एकेक वॉटचे मिळतात, म्हणजे ४०० वॉट, साडेतीन अँपिअरसुद्धा नाही. बदलायला एक दुपार. आणि संध्याकाळी फोन येतो की दिवे धावत नाहीत, सगळेच मंद पेटून राहिलेत. कारण जुना फ्लॅशर. माळ तीन किंवा चार सर्किटांत वाटलेली असते, आळीपाळीनं चालू-बंद होते, म्हणून प्रकाश पळताना दिसतो. फ्लॅशर इलेक्ट्रॉनिक असेल तर बंद असतानाही किंचित करंट गळतो. जुन्या गोळ्याला त्यानं काही होत नव्हतं, एलईडीला तेवढाही पुरतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक सर्किटवर एक जुना गोळा ठेवायचा, किंवा तो गळका करंट पिऊन टाकणारा ब्लीड रेझिस्टर घालायचा. फ्लॅशर बदलायचाच असेल तर एलईडीसाठीचा घ्यायचा. नव्या गोळ्याची छटाही बघायची, पिवळसर, २७०० केल्व्हिनच्या आसपास. पांढरे गोळे लावलेत तर जत्रेचा बोर्ड दवाखान्याचा दिसतो.

आणखी एक मेख. धावते दिवे नव्यांना बंद, जुन्याला सवलत. पण ही सवलत वापरात असेपर्यंतच. बऱ्याच गावांच्या नियमात सहा महिने किंवा वर्षभर वापर बंद पडला की हक्क सोडला असं धरतात. म्हणून पार्क हिवाळ्यात बंद असतानाही माळ अधूनमधून पेटवायची आणि तारखेचा फोटो ठेवायचा. थंडीत रिकाम्या पार्कचा बोर्ड पेटलेला दिसला की पार्कप्रेमी चेकाळतात, काहीतरी जाहीर होणार म्हणून. असतं एवढंच.

मग स्क्रीनचं काय? ती वेगळी, बुटक्या दोन खांबांवर, नव्या नियमात बसणारी, १६ फूट उंच. इथे दुसरा नियम आडवा आला: एका रस्त्याला एकच उभा बोर्ड. जुना ठेवला तर नवा दुसरा ठरतो. म्हणून सवलतीचा अर्ज, ज्याला इथे व्हेरिअन्स म्हणतात. तो जातो झोनिंग हिअरिंग बोर्डापुढे, म्हणजे जमीनवापराच्या नियमांवर सुनावणी घेणाऱ्या मंडळापुढे (बोर्डासाठी बोर्डापुढे, हा विनोद इथे कुणालाच कळत नाही).

पेनसिल्व्हेनियात याचा कायदा १९६८ चा आहे आणि मुदती पक्क्या आहेत. अर्जापासून ६० दिवसांत पहिली सुनावणी. त्याआधी वर्तमानपत्रात लागोपाठ दोन आठवडे जाहिरात, दुसरी सुनावणीच्या निदान ७ दिवस आधी, आणि जागेवरही आठवडाभर आधी सूचना लावलेली. शेवटच्या सुनावणीनंतर ४५ दिवसांत लेखी निर्णय. मग ३० दिवस कोर्टात अपिलाची मुभा. या बेरजेनंच साडेचार महिने होतात, आणि सुनावणी पुढे ढकलली की मोजणी पुन्हा लांबते. अपिलाचे ३० दिवस संपेपर्यंत शहाणा माणूस स्टील कापत नाही.

सवलत मिळायला जागेचीच अडचण दाखवावी लागते: वळण, उतार, झाडी. ती अडचण मालकानं स्वतः ओढवून घेतलेली नको, आणि मागणी कमीत कमी हवी. "पार्क शंभर वर्षं जुना आहे, लोकांचं प्रेम आहे" ही अडचण होत नाही. बोर्डावर काय लिहिलंय यावर तर मंडळानं जाऊच नये. गिल्बर्ट गावच्या खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टानं २०१५ साली मजकुरावरून नियम वेगळे लावण्याला चाप लावला. त्यामुळे कोस्टरचे टी-शर्ट घालून पन्नासजण हॉलमध्ये बसले तरी त्याचं वजन शून्य. उपयोगी पडतो तो असा पुरावा: रस्त्यावर दर १०० फुटांवर उभं राहून, ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलेले फोटो, प्रत्येकावर अंतर लिहिलेलं, आणि जुना बोर्ड नेमका कुठून कुठपर्यंत झाडाआड जातो ते. अथर्वच्या जमातीनं हे काम मनावर घेतलं तर एका दुपारी होईल. त्याऐवजी ते सह्या गोळा करताहेत.

नकाशात सगळ्यात जास्त चूक होते ती अंतराची. डांबराची कड म्हणजे हद्द नव्हे. रस्त्याची सरकारी पट्टी डांबरापासून बरीच आत येते, आणि बोर्डाचं अंतर त्या रेषेपासून मोजायचं, तेही खांबापासून नव्हे तर बोर्डाच्या पुढे आलेल्या कडेपासून. आपल्याकडे डीपी रस्त्याच्या रेषेवरून जी भांडणं होतात, तीच.

स्क्रीनवर व्हिडिओ नाही. चित्र निदान ८ सेकंद स्थिर, हा इथला सर्रास नियम. ताशी ४५ मैलांच्या रस्त्यावर गाडी सेकंदाला ६६ फूट जाते. ८ सेकंदांत ५२८ फूट. म्हणजे एका ड्रायव्हरला एकच चित्र, फार तर दोन. दोन चित्रांत तोडलेलं वाक्य कुणालाच पूर्ण वाचता येत नाही. अक्षराचा हिशेब असा: उंचीच्या दर इंचाला ३० फुटांवरून वाचता येतं. पाच सेकंद वाचायला द्यायचे तर ३३० फुटांवरून दिसलं पाहिजे, म्हणजे ११ इंचांचं अक्षर. १६ मिलिमीटर पिचला, म्हणजे दोन ठिपक्यांत तेवढं अंतर असेल तर, ते १७ ठिपके उंच होतं, आणि मधली मोकळी जागा धरून ६ फुटांत अशा चारच ओळी बसतात. स्क्रीनचे सुटे तुकडे (मॉड्यूल) त्याच बॅचचे आधीच मागवून ठेवायचे. नंतरचे रंगात जुळत नाहीत आणि स्क्रीन गोधडीसारखी दिसते.

उजेड मोजायची रीत तुला आवडेल. अंतर काढायचं: क्षेत्रफळ गुणिले १००, त्याचं वर्गमूळ. ७२ चौरस फुटांना ८५ फूट. रात्री तिथे उभं राहून, मीटर स्क्रीनकडे रोखून, आधी स्क्रीन काळी ठेवून वाचन घ्यायचं, मग पूर्ण पांढरी करून. फरक ०.३ फूट-कँडलच्या आत हवा, म्हणजे सव्वातीन लक्सच्या आत. मंद करणारा सेन्सर उत्तरेकडे तोंड करून बसवायचा. मावळतीला धरला तर सूर्य त्याच्यावर पडतो आणि अंधारून आलं तरी स्क्रीन भर दुपारसारखी जळत राहते. पहिल्या तक्रारी नेहमी यावरून येतात.

उभारणीचं तुला नवीन काही नाही. फरक एवढाच की खोदायच्या आधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या लाइनी दाखवून देणाऱ्या सेवेला, फोन, तीन कामाचे दिवस आधी. मग माणसं येऊन गवतावर रंग मारून जातात: लाल वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, नारिंगी टेलिफोन, हिरवा ड्रेनेज. पाया गोठणाऱ्या मातीच्या खाली न्यावा लागतो, आमच्या बाजूला साधारण तीन-साडेतीन फूट. वाऱ्यासाठी तो त्याहून खोलच जातो. सळईच्या पिंजऱ्याला मातीच्या बाजूनं ३ इंच काँक्रीटचं कव्हर. बोल्ट टेम्प्लेटमध्ये घट्ट बांधून काँक्रीट ओतायचं आणि ओतून झाल्यावर मोजायची टेप पुन्हा लावायची, कारण व्हायब्रेटरनं बोल्ट सरकतो. अर्धा इंच सरकला की बेस प्लेट बसत नाही, आणि साइटवरचा पोरगा गॅस कटरनं भोक मोठं करतो. तसं भोक पुढे फाटतं. प्लेट परत शेडला न्यायची, दुसरी करायची. आठवडा गेला तर गेला.

दुरुस्तीला जुन्याची अक्षरं खाली उतरवताना क्रम सोडायचा नाही: आधी क्रेननं भार धरायचा, पट्टा ताणलेला बघायचा, मग कापायचं, तेही वरून खाली. पुण्यात जुन्या बाजाराच्या चौकात ५ ऑक्टोबर २०१८ ला होर्डिंग काढतानाच कोसळलं आणि चारजण गेले, तो दिवस तुला मी सांगायला नको. आणि 'इथे फार कटकट' असं तू लिहितोस तेव्हा घाटकोपरचं कोसळलेलं होर्डिंग आठव: ४० बाय ४० फुटांची मर्यादा आणि उभं १२० बाय १२०. पालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाच्या तुझ्या खेपा चुकल्या नाहीत हे बरंच आहे.

अथर्वला सांग, बोर्ड येणार हे ओळखायचं असेल तर पार्कच्या घोषणांकडे बघू नकोस, ड्रोनच्या व्हिडिओत गवतावरचे रंग बघ. रंग दिसले की खोदाई जवळ आली. त्यानंतर टेप गुंडाळलेले बोल्ट जमिनीतून वर आलेले दिसतील आणि निदान आठवडाभर तिथे काहीच घडणार नाही, काँक्रीट मुरतंय म्हणून. मग नुसते दोन खांब उभे राहतील. तेव्हा पैसे संपल्याच्या अफवा उठतील, कारण पेटी विजेच्या तपासणीच्या तारखेशी जुळवून येते आणि ती तारीख आपल्या हातात नसते.

वहिनीला नमस्कार. धायरीच्या दुकानाचा जो बोर्ड तू आता करतोयस, त्याच्या बेस प्लेटचा फोटो पाठव. प्लेटला आधार देणारे स्टिफनर किती जाडीचे घातलेस ते दिसेल असा, बाजूनं काढलेला.

तुझी,
सुमी