तिरफळाजवळ कुठला हॉप बसवायचा?

पोर्टलंड, ऑरेगन
१४ मे

प्रिय पक्या,

तुझं पत्र मिळालं. लेस्टरच्या त्या इवल्याशा स्वयंपाकघरात तू बिअर करायला लागलास हे वाचून इतका आनंद झाला की रात्री बायकोला ते पुन्हा मोठ्याने वाचून दाखवलं. गावाहून आलेली आमसुलं, तिरफळं आणि गूळ घालून बिअर करायची आहे, मग हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी ती वेलीवरची फुलं, कोणते घेऊ, असं विचारतोस. सहा वर्षं मी यातच डोकं घालून बसलोय, त्यामुळे पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बस.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे तुझी एक खेप वाचेल. पहिल्यांदा कोकमाची बिअर केली तेव्हा इथल्या लोकांसारखी दणदणीत कडू करायची हौस होती. १९ लिटरला ४० ग्रॅम चिनूक नावाचा कडू हॉप घातला आणि तासभर उकळला. कडूपणा साठ आयबीयूच्या (बिअरचा कडूपणा मोजायचं एकक) आसपास गेला असणार. रंग सुरेख आला, अगदी सोलकढीची आठवण व्हावी असा. पण पहिला घोट घेतला आणि कडुलिंबाचा पाला चावून वर चिंच चोखल्यासारखं झालं. आंबट आणि कडू एकमेकांना सांभाळून घेत नाहीत रे, दोघंही जिभेला ओरबाडतात. कोकमात तुरटपणाही असतो, तो तिसरा. सगळी बिअर मोरीत ओतली. आमसुलं आईने उन्हात वाळवून पाठवलेली होती, म्हणून जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. आधी जिन्नस चाखायचा, मग हॉप निवडायचा. हॉप दोन कामं करतो आणि ती दोन्ही वेगळी धरायची. तासभर उकळला की त्यातली अल्फा आम्लं बदलतात आणि कडूपणा येतो, पण वास उडून जातो. आच बंद करून वर्ट (माल्टचं उकळलेलं गोड पाणी) ८० अंशांवर आला की मग घातला तर कडूपणा जेमतेम येतो आणि वास राहतो. गावाकडचा जिन्नस घालतोस तेव्हा पहिलं काम कमीत कमी ठेव आणि दुसऱ्यावर विचार कर.

कोकमासाठी आता मी २० ग्रॅम विलामेट तासभर उकळतो. अल्फा साडेचार टक्क्यांच्या आसपास असला की ११-१२ आयबीयू होतात, तेवढे पुरतात. हा हॉप मवाळ आहे, मातीचा आणि किंचित मसाल्याचा वास असलेला. तुझ्याकडे फगल मिळेल, विलामेट त्याचाच वंशज. आणि वासासाठी तुझ्या देशातच एक रत्न आहे: ब्रॅम्लिंग क्रॉस. १९२७ साली केंटमधल्या वाय इथे गोल्डिंगच्या जातीचा कॅनडातल्या रानटी हॉपशी संकर करून तो काढला. त्याला काळ्या करवंदांसारखा वास येतो. तिकडचे लोक ब्लॅककरंट म्हणतात, पण मला आपल्या सड्यावरची मे महिन्यातली करवंदंच आठवतात. कोकमाच्या शेजारी करवंद, आणखी काय हवं? आच बंद केल्यावर १५ ग्रॅम घाल, वीस मिनिटं ठेव. आमसुलं मात्र मुख्य आंबवण संपल्यावर घाल, आणि आधी एक तोंडात टाकून बघ. मीठ लावलेली असतील तर वापरू नकोस.

आता तिरफळं. यात मी सगळ्यात जास्त रमलो. काळी बी काढून टाक, ती कचकच करते. वास सगळा सालीत. साल बोटांत चुरडली की आधी संत्र्याच्या सालीचा वास येतो, मग लाकडाचा, आणि जिभेवर ठेवली की मुंग्या येतात. बांगड्याच्या तिखल्यात ती का लागते ते हा वास एकटा घेतल्यावर कळतं. मी एका रविवारी ओट्यावर चार कप मांडले. प्रत्येकात ८० अंशांचं पाणी आणि चिमूटभर हॉप: साझ, कॅस्केड, गोल्डिंग्ज, सोराची एस. पंधरा मिनिटांनी गाळले. पाचव्या कपात तिरफळाची साल भिजवलेली. मग त्यातलं एकेक चमचा पाणी प्रत्येक कपात घालून हुंगत बसलो.

सोराची एसचं लिंबू चांगलं होतं, पण त्यामागून शेपू आला. शेपू आणि तिरफळ एका ताटात मला नको. हा हॉप जपानमध्ये साप्पोरोच्या लोकांनी १९८४ साली काढला, एरवी नारळाजवळ छान बसतो. कॅस्केडच्या ग्रेपफ्रूटने तिरफळ पार झाकून टाकलं. साझ सभ्यपणे बाजूला उभा राहिला, जणू ओळखच नाही. आणि गोल्डिंग्ज! मुरंब्यासारखा मऊ गोडसर वास, खाली थोडा मसाला. तिरफळाचं संत्रं त्यात मिसळलं आणि लाकडाचा वास मागे टिकून राहिला. नाक कपात घालून मी कितीतरी वेळ तसाच उभा होतो. तुला ईस्ट केंट गोल्डिंग्ज कुठेही मिळेल, तोच घे. १९ लिटरला साल ६ ग्रॅमच्या वर नको, आणि उकळू नकोस.

ही कपांची परीक्षा तूही कर. पैसे वाचतात, आणि मुख्य म्हणजे तुझं नाक तयार होतं. बाटलीतली चव हुबेहूब तशीच येत नाही, मधल्या काळात यीस्ट बरंच काही बदलतं, पण कोण कोणाशी भांडणार हे आधी कळतं.

गुळाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. तो जवळजवळ सगळा आंबतो, गोडी उरत नाही आणि बिअर अंगाने हलकी होते. हलक्या बिअरमध्ये तेवढाच हॉप जास्त कडू लागतो, म्हणून नेहमीपेक्षा चौथा हिस्सा कमी घाल.

धन्यांचं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्ये धने घालतात. धन्याच्या तेलात मुख्य असतं ते लिनालूल, आणि तेच कमीअधिक हॉप्समध्येही असतं. म्हणून दोघं इतके सहज जुळतात, जुनी सोयरीक असल्यासारखे. आपले लांबट धने घे, कढईत न भाजता नुसते भरड.

माझ्या परसात विलामेटचा वेल आहे. आत्ता कुंपणाच्या वर गेलाय, सुतळीला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वेढे घेत. सकाळी पाहावा तर रात्रीत वीतभर वाढलेला असतो. सप्टेंबरात सुट्टी काढून येणार म्हणतोस, तर पहिल्याच आठवड्यात ये. तेव्हा फुलं तयार होतात. एक तोडून उभं चिरलं की देठाजवळ हळदीसारखी पिवळी पूड दिसते, बोटांना चिकटते, आणि वास दिवसभर जात नाही. ती ताजी, न वाळवता घालायची तर वाळलेल्यांच्या पाचपट लागतात, म्हणजे तोडायला चार हात हवेत.

येताना तिरफळं थोडी जास्त आण. माझी संपत आली.

तुझा,
बाळ्या